जखम भरल्यानंतरचे वाङ्मय

आपल्या कथा-कादंबऱ्यांतून क्षयाच्या नायिकेला करुण शेवट मिळाला, वाचकांचे अश्रूही मिळाले. स्तनाच्या कर्करोगाने आजारी पडलेली स्त्री मात्र साहित्यात आलीच, तर बहुधा मरण्यापुरती येते. शस्त्रक्रियेनंतर ती कशी जगते? हा प्रश्न मला साहित्यालाच विचारावासा वाटतो. कारण गेले तीन महिने हिवरा आश्रम येथे बहिणीच्या घरी मी तेच जगणे शिकत आहे. एक स्तन काढला. पाठीचे मांस आणि कातडी पुढे वळवून त्या जागी दुसरा घडविला. ह्या मुक्कामात दोन कृती पुन्हा वाचल्या.

पहिली महाश्वेतादेवींची ‘स्तनदायिनी’ ही बंगाली कथा. हालदारांच्या मोटारीखाली नवऱ्याचे पाय जातात आणि पोटासाठी यशोदा त्याच घरची दूधआई होते. पुढे स्तनाच्याच कर्करोगाने ती इस्पितळात एकटी मरते. स्तन बाळाचा, धन्याचा, नवऱ्याचा. यशोदेचा कधीच नाही, हे लेखिकेने कठोरपणे दाखविले आहे. कथा थोर आहे. पण तिला ‘नंतर’ नाही.

ते ‘नंतर’ ऑड्री लॉर्ड ह्या अमेरिकन कवयित्रीच्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये (१९८०) सापडते. १९७८ साली त्यांचा स्तन काढला. त्या कृष्णवर्णीय, आणि पोलक्यात भरावयास त्यांना मिळाली ती गोऱ्या कातडीच्या रंगाची लोकरीची गादी! ती न लावता त्या डॉक्टरांकडे गेल्या, तर परिचारिकेने टोकले. लॉर्ड विचारतात, मोशे दायान डोळ्यावर पट्टी बांधून हिंडतात, त्यांना कोणी काचेचा डोळा बसवा म्हणते का? युक्तिवाद बिनतोड आहे. पण त्यापुढे जाऊन त्या नव्या स्तनाकडेही लपवालपवी म्हणूनच पाहतात, तेथे मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही.

१७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याकडची एक हकीकत छापली. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी गाडीवानाला विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक करून दिले होते. दायानांनी उणीव तशीच वागविली, कावसजीने भरून घेतली. दोघांनाही आपण शहाणेच म्हणतो. मला मात्र विचारले गेले, “आता ह्या वयात कशाला? मुलं तर मोठी झाली!” यशोदेचा हिशेब अजून मिटलेला नाही, तो असा.

आणि लपते तरी काय? नव्या स्तनाला स्पर्श कळत नाही. भिंतीवर बोटे चालवीत हात रोज थोडा वर न्यावा लागतो. फडताळावरचा डबा काढताना पाठीचा वण ओढतो. शरीर काही विसरत नाही.

लॉर्ड ह्यांचा खरा आग्रह न बोलण्याविरुद्ध आहे, आणि तो मला मान्य आहे. स्तन पुन्हा घडवूनही बोलता येते. मराठी लेखिकांनी आता ही भिंतीवरची बोटे लिहावीत. मरण पुष्कळ लिहून झाले.