निष्ठेचा लिलाव

खेळाडूने संघ बदलला की ‘पैशाला भुलला’ हा शेरा आपल्याकडे तयारच असतो. आमच्या रत्नागिरीच्या पारावरही तो ऐकू येतो. मला तो अन्यायाचा वाटतो. चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ साली प्रो कबड्डीत ‘यू मुंबा’ने ३६ लाख ४० हजारांना घेतले, त्याने चढाईत २१८ गुण मिळविले. २०१९ च्या लिलावात ‘तेलुगू टायटन्स’ने १ कोटी ४५ लाख मोजून त्याला नेले. वाचकहो, लिलावात बोली मालकांची. ज्याच्यावर ती लागते त्याला कोण विचारतो? मग बेइमानी त्याची कशी? अमेरिकेतला कॉलेजचा बास्केटबॉलपटू २०२५ पासून कॉलेजकडूनच उघड पैसे घेऊ शकतो, आणि निदान आपल्या पायांनी दुसऱ्या कॉलेजात जातो. (तिथेही प्रेक्षक कुरकुरतातच म्हणा!)

आणि बिनपैशाचा तो सोन्याचा काळ? १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला धाडण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी ७,००० रुपयांकरिता आपले घर गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. ही गोष्ट आम्ही मास्तर वर्गात डोळे पुसत सांगतो. घर गहाण टाकण्याची पाळी कोणी आणली, हे मात्र पोरेच विचारतात.