एका गाण्याचा धनी

पाश्चात्य गाण्यांच्या बाजारांत एका गाण्यापुरतें नांव मिळवून विस्मृतींत गेलेल्यांचा एक वेगळा वर्गच मानितात. १९६९ सालीं झेगर आणि इव्हान्स या अमेरिकन जोडीचें, २५२५ सालाची कल्पना करणारें गाणें त्यांच्या देशांत सहा आठवडे अग्रस्थानीं राहिलें. पुढें त्यांचें दुसरें एकहि गाणें पहिल्या शंभरांत आलें नाहीं. या मापानें आपल्याकडे मोजूं लागलें कीं स्नेहल भाटकर यांचें नांव निघतें. १९६१ च्या ‘हमारी याद आयेगी’ या चित्रपटांतील मुबारक बेगम यांनीं गाइलेलें शीर्षकगीत कोणाच्या कानावरून गेलें नाहीं? परंतु चाल कोणाची असें विचारतांच बैठक गप्प होते, आणि एखादा जाणकार ‘एका गाण्याचा संगीतकार’ असें म्हणून मोकळा होतो. हा निवाडा आम्हांस मान्य नाहीं.

वासुदेव गंगाराम भाटकर (१९१९–२००७) यांनीं आपल्या कन्येच्या नांवावरून ‘स्नेहल’ हें नांव घेतलें. १९४७ सालच्या ‘नीलकमल’चें संगीत त्यांचें, पुढील वर्षीं ‘सुहागरात’चेंहि त्यांचेंच. १९६० च्या ‘छबीली’त त्यांनीं नूतन या अभिनेत्रीकडून तिच्याच गळ्यांतून गाणीं गाऊन घेतलीं. तेव्हां १९६१ चें यश ही सोडत नव्हे. तें चौदा वर्षांच्या साधनेचें फळ होय.

त्यांचीं सर्व गाणीं त्याच तोडीचीं आहेत असा आमचा दावा नाहीं. ‘छबीली’तील गाणीं गोड आहेत, पण तीं अंगावर कांटा आणीत नाहींत. मुबारक बेगम यांच्या आवाजांत घोटीव सफाई नाहीं. तो उघडा आणि किंचित् खरखरीत आहे. चाल त्या खरखरीवर पांघरूण घालीत नाहीं. संथ पावलांनीं ती तिला पुढें आणते, आणि मग केदार शर्मांच्या शब्दांतील विनवणीला शापाची धार येते. नूतनच्या अशिक्षित नव्हे, पण साध्या गळ्याला जो संगीतकार सांभाळून घेतो, त्यालाच हा आवाज असा वापरतां येतो. म्हणजे शिखर समजावयाचें तर डोंगर पाहिलाच पाहिजे.

धरणगांवकरांस हा अन्याय परका वाटूं नये. येथें जन्मलेल्या बालकवींना (१८९०–१९१८) आपण ‘आनंदी आनंद गडे’पुरतें शाळेंत पाठ केलें, ‘पारवा’ आणि ‘खेड्यांतील रात्र’ लिहिणारा खिन्न कवि आपल्याच घरीं अनोळखी राहिला. दोघांचेंहि कार्य आपल्यासमोर आहे. तें एकाच रचनेंत मावलें, तें आपल्या आळसामुळें.

आमची सूचना इतकीच कीं, एखाद्या रात्रीं ‘सुहागरात’ व ‘छबीली’ यांतील गाणीं आधीं ऐकावीं आणि तें प्रसिद्ध गाणें शेवटीं लावावें. आठवण येईल, असें त्या चित्रपटाचें नांवच बजावतें. ती गाण्याची आली. आतां ती गाणें घडविणाऱ्याचीहि यावी.