सत्यजित राय यांचं कलकत्ता : शहर हे पात्र असतं म्हणजे काय?

चित्रपटांवरच्या लेखांत एक वाक्य आपण नेहमी वाचतो : 'इथे शहर हेच एक पात्र आहे.' वाक्य छान आहे, पण आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, आम्हांला लगेच शंका येते. पात्र म्हटलं की हेतू आला, कृती आली, केल्याची जबाबदारी आली. शहराला हेतू कुठून येणार? ही शंका मनात ठेवूनच आज राय यांच्या कलकत्त्याकडे पाहू.

'महानगर' (१९६३) सुरू होतो तो तारेवरून सरकणाऱ्या ट्रामच्या दांड्यापासून. माणसं नंतर दिसतात. घरखर्च भागत नाही म्हणून आरती नोकरी धरते, दारोदार विणकामाची यंत्रं विकते. शहर तिला पगार देतं, आत्मविश्वास देतं. पुढे नवऱ्याची बँक बुडते, आणि नेमक्या त्याच वेळी शहर तिला प्रश्न टाकतं : ईडिथ या अँग्लो-इंडियन सहकारिणीला अन्यायाने काढून टाकलंय, तू काय करणार? आरती राजीनामा देते. शेवटी नवरा-बायको गर्दीत मिसळतात. एवढ्या मोठ्या शहरात दोघांपैकी एकाला तरी काम मिळेल, हा विश्वास अजून शाबूत आहे.

'प्रतिद्वंद्वी'त (१९७०) तर शहर शब्दशः प्रश्न विचारतं. मुलाखतीत सिद्धार्थ चंद्रावरच्या पावलापेक्षा व्हिएतनामी जनतेचा लढा मोठा मानतो, आणि नोकरी हुकते. अखेर त्याला शहरच सोडावं लागतं.

'जन अरण्य'मध्ये (१९७६) सोमनाथ केळ्याच्या सालीवरून घसरतो आणि दलालीच्या धंद्यात जाऊन पडतो. कंत्राटासाठी एका गिऱ्हाइकाला बाई पुरवायची वेळ येते. समोर येते ती मित्राचीच बहीण. तो तिला म्हणतो, पैसे घे आणि परत जा. ती नकार देते. आणि तो तिला पोचवून येतो. घरी वडिलांना सांगतो, काम झालं. वडिलांना हायसं वाटतं.

आता मूळ शंकेकडे येऊ. आमच्या मते राय यांचं शहर कुणाला ढकलत नाही. ते विचारतं, आणि चुकीचं उत्तर दिवसेंदिवस स्वस्त, बरोबर उत्तर महाग करत जातं. पण उत्तर माणसाचंच राहतं. 'शहराने त्याला बिघडवलं' असं म्हणून आपण सोमनाथला सोडू शकत नाही. राय सोडू देत नाहीत. या मर्यादित अर्थाने शहर पात्र आहे, आरोपी नाही.

मात्र एक तक्रार आम्हांला नोंदवलीच पाहिजे. 'महानगर'मध्ये शहर आपण आरतीच्या डोळ्यांनी पाहिलं. 'जन अरण्य'मध्ये मित्राच्या बहिणीचं शहर आपल्याला दिसतच नाही. ती कोणत्या वाटेने इथवर आली, तिला शहराने काय विचारलं, तिने काय उत्तर दिलं? आपल्याला दिसते ती फक्त सोमनाथची लाज. सगळ्यांत मोठी किंमत जिने मोजली, तिचा प्रश्न कॅमेऱ्याने विचारलाच नाही. एवढ्या जागरूक दिग्दर्शकाकडून हे व्हावं, याची हळहळ वाटते.

म्हणून यापुढे 'शहर हे पात्र आहे' असं कुणी म्हटलं, की आपण एवढंच विचारू या : कुणाचं शहर? इथे थांबू या.