एक मालिका, अठरा भाषा आणि आपला वर्ग

1990 च्या दशकाच्या प्रारंभी आकाशवाणी व राष्ट्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान संचार परिषद यांनी मिळून मानवाच्या उत्क्रांतीवर 144 भागांची नभोवाणी मालिका केली. ‘मानव का विकास’ हे तिचे हिंदी नाव. 18 भाषांतून, 80 हून अधिक केंद्रांवरून ती प्रसारित झाली. सुमारे 1 लाख मुलांनी व 10 हजार शाळांनी श्रोते म्हणून नावे नोंदवली.

हे घडले ते केंद्रांच्या जाळ्यामुळे. 1947 साली भारतात आकाशवाणीची केंद्रे अवघी 6 होती. औरंगाबादचे केंद्र तर निजामाच्या अखत्यारीत होते. दूरच्या केंद्राला कार्यक्रम द्यायचा म्हणजे तो तारेवरून पाठवावा, लघुलहरींवर पकडावा, नाहीतर फितीचे रीळ रवाना करावे. साध्या टेलिफोनच्या तारेतून सुमारे 3400 हर्ट्झच्या वरचे स्वर गळतात. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरकही पुसट होतो. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन येतात, म्हणून आवाज सारखा चढतो-उतरतो. 1983 साली इन्सॅट-1ब अवकाशात गेला आणि पुढे केंद्रांना कार्यक्रम उपग्रहावरून उचलून आपल्या प्रक्षेपकावरून देता येऊ लागला.

शेवटचा टप्पा मात्र जुनाच राहिला. शिरड शहापूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते (हिंगोली जिल्हा 1999 चा). मध्यम लहरींवरचे जवळचे केंद्र परभणी, 1305 किलोहर्ट्झ. म्हणजे तरंगलांबी सुमारे 230 मीटर. (हा भागाकार मुलांकडून जरूर करून घ्यावा.) या लहरी दिवसा जमिनीलगत येतात. रात्री मात्र दूरदूरची केंद्रे आयनांबरावरून परतून त्यांत मिसळतात आणि खरखर वाढते.

मालिकेचा विषय व चिकाटी यांचे आम्हाला कौतुक आहे. उत्क्रांतीसारखा विषय पाठ्यपुस्तकात दोन पानांत उरकला जातो; येथे त्याला ऐसपैस जागा मिळाली. आक्षेप आहे तो रचनेवर. दर आठवड्याला एक याप्रमाणे 144 भाग म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षे! सहावीत ऐकू लागलेले पोर शेवटच्या भागापर्यंत नववीत पोहोचते. मधल्या सुट्या, परीक्षा, सोयाबीन-कापसाची कामे यांत चार भाग चुकले तर नभोवाणी मागे वळत नाही. वहीचे पान उलटावे तसे ते भाग पुन्हा उघडता येत नाहीत. इतक्या लांब मालिकेत प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा राहील अशी बांधणी हवी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एका आराखड्यावरून 18 भाषांत कार्यक्रम केला की भाषा बदलते, दाखले बदलतीलच असे नाही. अश्मयुगीन हत्यारांसाठी आमच्या मुलांना आफ्रिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. गोदावरीच्या खोऱ्यातच, प्रवराकाठी नेवाशाला, डॉ. ह. धी. सांकलिया यांनी ती शोधली. हे सांगण्याचे काम दिल्लीचे नव्हे, जवळच्या केंद्राचे. उपग्रहाने वाटप सोपे झाल्यावर तर प्रत्येक भागातली शेवटची पाच मिनिटे स्थानिक केंद्राला राखून ठेवणे अवघड नव्हते. त्या पाच मिनिटांत शिरड शहापूरच्या एखाद्या मुलीने पाठवलेल्या प्रश्नाला मराठीतून उत्तर देता आले असते.