चवीबद्दल एक शब्दही नाही

स्वयंपाकावरच्या चित्रपटांत एक ठरलेली युक्ती असते. पहिला घास तोंडात गेला की पात्र डोळे मिटतं, मान डोलावतं, 'अहाहा' म्हणतं, आणि पदार्थ झकास जमलाय हे आपण समजून घ्यायचं. बिचाऱ्या दिग्दर्शकाने तरी काय करावं? पडद्यावर ना वास येतो ना चव. गाब्रिएल आक्सेल या डॅनिश दिग्दर्शकाने 1987 साली 'बाबेट्स फीस्ट' केला तेव्हा मात्र नेमका उलटा डाव टाकला. त्याच्या जेवणावळीत बारा पानं आहेत. त्यातला एक जनरल आणि त्याच्या नात्यातली एक वृद्ध बाई सोडली, तर बाकी सगळे आधीच शपथ घेऊन बसले आहेत: पुढ्यात काय येईल त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आपल्याकडे पानावर बसून अन्नाला नावं ठेवायची नाहीत असा दंडक असतो. इथे स्तुतीलाही बंदी आहे. माझ्या मते या चित्रपटाची सगळी गंमत आणि सगळं मोठेपण या एका शपथेत आहे.

कथा कारेन ब्लिक्सेनची, म्हणजे आयसॅक डिनेसेन या नावाने लिहिणाऱ्या आणि आपल्याला 'आउट ऑफ आफ्रिका'मुळे माहीत असलेल्या लेखिकेची. तिने ती इंग्रजीत लिहिली, 1950 साली ती 'लेडीज होम जर्नल' या अमेरिकन मासिकात आली आणि 1958 साली 'ॲनेक्डोट्स ऑफ डेस्टिनी' या संग्रहात गेली. मूळ कथा नॉर्वेतल्या एका रंगीत घरांच्या गावात घडते. आक्सेलने ती डेन्मार्कच्या युटलंड किनाऱ्यावर आणली आणि रंग पुसून टाकले. करडी घरं, करडा समुद्र, दोरीवर वाळत घातलेले मासे. पुढे रंग यायचे आहेत ते ताटात आणि पेल्यात, हे त्याने पहिल्या दृश्यातच ठरवून टाकलेलं दिसतं.

या गावात एका धर्मगुरूने स्वतःचा कडक पंथ काढलेला. त्याच्या दोन मुली, मार्टीन आणि फिलिपा. नावं मार्टिन ल्यूथर आणि त्याचा सहकारी फिलिप मेलांक्थन यांच्यावरून ठेवलेली. तरुणपणी मार्टीनच्या प्रेमात एक लष्करी अधिकारी पडला आणि मनातलं न बोलता निघून गेला. फिलिपाच्या गळ्यावर आशिल पापां हा पॅरिसचा ऑपेरा गायक लुब्ध झाला, तोही गेला. वडील वारले, मुली म्हाताऱ्या झाल्या, पंथातली माणसं भांडखोर झाली. 1871 साली पावसाळी रात्री बाबेट नावाची एक फ्रेंच बाई पापांचं पत्र घेऊन दारात उभी राहते. पॅरिस कम्यूनचा उठाव चिरडताना झालेल्या कत्तलीत तिचा नवरा आणि मुलगा मारले गेलेले. पत्राच्या शेवटी पापांने जाता जाता लिहिलंय की हिला स्वयंपाक येतो.

यानंतर सगळे समीक्षक थेट मेजवानीवर उडी मारतात. मला मात्र त्याआधीची चौदा वर्षं जास्त मोलाची वाटतात. बहिणी बाबेटला पहिला धडा देतात तो वाळवलेल्या माशाचा आणि 'ओलेब्रोय'चा, म्हणजे शिळा राय पाव बिअरमध्ये भिजवून, शिजवून केलेल्या तपकिरी पेजेचा. कॅमेरा त्या भांड्याजवळ जातो. पावाचे तुकडे सुटून लगदा होतो, त्यावर जाड बुडबुडे येऊन फुटतात. ती पेज बघून तोंडाला पाणी सुटेल असा माणूस शोधून सापडायचा नाही. पॅरिसच्या सर्वांत नामांकित हॉटेलात राज्य केलेली ही बाई (हे आपल्याला अजून माहीत नाही) शांतपणे बघते, मान हलवते आणि तीच पेज करायला लागते. एक नाक मुरडणं नाही. स्तेफान ओद्राँचा अभिनय इथे बघावा. चेहऱ्यावर फक्त लक्ष आहे, शिकाऊ माणसाचं असतं तसं.

मग हळूहळू बदल घडतो आणि तोही कुणी बोलून दाखवत नाही. बाबेट टेकाडावर जाऊन रानातला पाला खुडून आणते. वाण्याशी मोडक्या डॅनिशमध्ये घासाघीस करते, कोळ्याने पुढे केलेला मासा ताजा नाही म्हणून परत ढकलते. महिन्याचा हिशेब करताना बहिणींच्या लक्षात येतं की ही बाई आल्यापासून पैसे उरायला लागलेत. गावातल्या ज्या निराधार म्हाताऱ्यांना या घरून डबा जातो, त्यांना कळत नाही काय झालंय, पण पेज बदललेली असते. पुढे बाबेट काही दिवस बाहेर जाते आणि बहिणी पुन्हा स्वतः रांधतात. डबा खाणारा एक म्हातारा एक चमचा तोंडात घालतो आणि त्याचं तोंड जे वाकडं होतं, ते या चित्रपटातलं पहिलं खरं पाकपरीक्षण. घरच्या स्वयंपाकाची किंमत करणारी याहून नेमकी फ्रेम मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेली नाही. रोजच्या अन्नाची चव बहुधा अशीच कळते, करणारी दोन दिवस घरात नसली की.

बाबेटला लॉटरीत दहा हजार फ्रँक लागतात. त्याच सुमारास, 15 डिसेंबरला, दिवंगत धर्मगुरूची शंभरावी जयंती येते. बहिणींच्या मनात कॉफी आणि साधंसं जेवण आहे. बाबेट म्हणते, या वेळी खराखुरा फ्रेंच बेत मला माझ्या पैशाने करू द्या. मग होडीतून सामान उतरतं: पिंजऱ्यात चिवचिवणारे लाव्हे, बर्फाच्या लाद्या, बाटल्यांचे खोके आणि एक भलंमोठं जिवंत कासव. मार्टीन ते कासव बघून हादरते, रात्री तिला भयाण स्वप्नं पडतात. आपण वडिलांच्या नावाने चेटकिणीची पंगत मांडली की काय, या भीतीने ती पंथातल्या मंडळींपुढे रडते. त्यातून ती शपथ येते. जीभ प्रार्थनेसाठी आहे, तिला चव कळलीच नाही असं समजून जेवायचं.

आता जेवण. कासवाचं सूप आणि सोबत आमोन्तियादो शेरी. ब्लिनी देमिदोफ, म्हणजे छोट्या धिरड्यांवर आंबट साय आणि कॅव्हिआर, सोबत 1860 सालची व्हव क्लिको शॅम्पेन. मग पफ पेस्ट्रीच्या पेटीत निजवलेले, फ्वा ग्रा आणि ट्रफल भरलेले लाव्हे, सोबत 1845 सालची क्लो द वूजो. पुढे सॅलड, चीज, फळं, रममध्ये भिजवलेला सावाराँ केक, शेवटी कॉफी आणि जुनी ब्रँडी. नुसती यादी वाचून काही होत नाही. होतं ते चेहऱ्यांवर. शपथ घेतलेल्यांची तोंडं बंद आहेत, त्यामुळे कॅमेऱ्याला ओठ, गाल, डोळे, चमचा धरलेला हात यांच्याकडेच बघावं लागतं, आणि आपल्यालाही. एक म्हातारी शॅम्पेनला लिंबूपाण्यासारखं काहीतरी समजते. पुढे तीच वाइनचा घोट घेते, मग सवयीने पाण्याचा पेला उचलते, तोंड वेडंवाकडं करते आणि पुन्हा वाइनकडे वळते. चव म्हणजे काय हे समजावायला दिग्दर्शकाला तेवढं पुरतं.

आणि या मुक्या पंगतीत एकच माणूस बोलतो, जनरल लोव्हेनहिल्म. मार्टीनला सोडून गेलेला तो तरुण अधिकारी आता छातीभर पदकं लावून आलाय. त्याला शपथेची गंधवार्ता नाही. तो शेरी ओळखतो, चकित होतो. शॅम्पेनचा घोट घेऊन तिचं नाव आणि साल मोठ्याने सांगतो. शेजारचा माणूस शांतपणे उत्तर देतो ते उद्या बर्फ पडण्याबद्दल. मी हे दृश्य जितक्यांदा पाहतो तितक्यांदा हसतो, पण ते नुसतं विनोदी नाही. जाणकाराजवळ शब्द आहेत आणि ऐकणारं कुणी नाही. बाकीच्यांना अनुभव येतोय आणि शब्दांना बंदी आहे. जनरल आपल्याला पदार्थांची नावं सांगतो आणि मंडळी त्याच्याकडे बघून कसं खायचं ते शिकतात. तो लाव्ह्याचं डोकं बोटांनी उचलून चोखतो, उरलेला रस्सा चमच्याने घेतो, तसे इतरही चमचे उचलतात. हळूहळू जुनी भांडणं विरघळतात. लाकडाच्या व्यवहारात एकाने दुसऱ्याला फसवलेलं असतं, ते हसत हसत कबूल होतं.

वाइनच्या निवडीतही ब्लिक्सेनचा मिस्किलपणा आहे, आणि चित्रपटाने तो जपलाय. क्लो द वूजो हा बर्गंडीतला भिंतीने बंदिस्त केलेला मळा, बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठवासीयांनी लावलेला. म्हणजे ज्या पेल्याला ही पापभीरू मंडळी घाबरतात, तो व्रतस्थ संन्याशांच्याच मेहनतीचा. आणि ती शॅम्पेन ज्या घराण्याची, ते नावारूपाला आणलं बार्ब-निकोल क्लिको या विधवा बाईने. 1805 साली नवरा गेला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. धंदा तिने हातात घेतला आणि 1866 पर्यंत जगली. 1860 ची बाटली भरली गेली तेव्हा ती हयात होती. स्वयंपाकघरात उभी असलेली बाबेटही विधवाच. चित्रपट यावर बोट ठेवत नाही, हे फार चांगलं करतो.

संगीताचा धागा याहून खोल जातो. पापां फिलिपाला शिकवतो ते मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी'तलं द्वंद्वगीत, एका लफंग्या सरदाराने खेड्यातल्या नवरीला भुलवण्याचं. गाता गाता भाव खरे होऊ लागतात, फिलिपा घाबरते आणि शिकवणी बंद करते. ऑपेरा जाणणाऱ्याला इथे आठवावं की 'डॉन जोव्हानी'चा शेवटही जेवणाच्या टेबलावरच होतो. वादक वाजवताहेत, सरदार वाइनची तारीफ करतोय आणि दगडी पुतळा पाहुणा म्हणून येऊन त्याला नरकात ओढून नेतो. तिथे जेवणाच्या अंती नरक आहे. इथे नरकाच्या धास्तीने बसलेली माणसं जेवणाच्या अंती चांदण्यात विहिरीभोवती हातात हात धरून भजन म्हणत फेर धरतात. मोझार्टचा हा ऑपेरा प्राग शहरात पहिल्यांदा झाला 1787 साली, चित्रपटाच्या बरोबर दोनशे वर्षं आधी. हा योगायोगच असेल, पण मला आवडतो.

पाहुणे गेल्यावर कळतं की बाबेट पॅरिसच्या 'काफे आंग्ले'ची मुख्य आचारी होती आणि दहा हजार फ्रँक एका रात्रीत संपलेत. तिथे बारा जणांच्या जेवणाला एवढेच पडतात, असं ती सांगते. काफे आंग्ले खरोखरचं होतं. 1867 साली तिथे झालेली तीन सम्राटांची मेजवानी प्रसिद्ध आहे आणि तिची किंमत माणशी चारशे फ्रँक सांगितली जाते. बाबेटच्या हिशेबात माणशी आठशेच्या वर येतात. म्हणजे या गरीब कोळ्यांवर बादशहांच्या दुप्पट खर्च! लेखिकेला जमाखर्च जुळवायचा नव्हता. बाबेटकडे परतीच्या तिकिटापुरतंही काही उरू नये, एवढंच तिला हवं होतं.

तक्रार एकच आहे. मूळ कथेत शेवटी एक बोचरं सत्य येतं. बाबेट ज्यांच्यासाठी रांधायची ते बडे लोक म्हणजे तिच्या माणसांना गोळ्या घालणारेच. जनरल गालिफेसुद्धा त्यांतला. आणि तरी ती त्यांच्यासाठी हळहळते, कारण तिच्या कलेची पारख त्यांनाच होती. फिलिपा हे ऐकून सुन्न होते. चित्रपटात गालिफेचं नाव पापांच्या पत्रात येतं आणि पुढे जनरल लोव्हेनहिल्मच्या तोंडी येतं, पण बाबेटचा तो कबुलीजबाब गाळला आहे. त्यामुळे शेवट जास्त गोड झालाय. पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली कुटुंबजीवनावरच्या आपल्या दस्तऐवजात या चित्रपटाचा उल्लेख केला, तो याच गोडव्यामुळे असावा. ब्लिक्सेनची बाबेट अधिक कठीण बाई आहे आणि मला तीच खरी वाटते.

स्वयंपाकघराच्या बाबतीत मात्र आक्सेल मूळ लेखिकेच्या पुढे गेला आहे. बाहेर जेवण रंगलेलं असताना आत बाबेट पेस्ट्रीच्या पेटीत लाव्हा बसवते, डोकं नेमक्या कोनात टेकवते, वाढणाऱ्या पोराला कुठला पेला किती भरायचा ते सांगते. जनरलचा गाडीवान आत कोपऱ्यात बसून तेच अन्न मिटक्या मारत खातो, कुठल्याही शपथेविना. शेवटी बाबेट खुर्चीत टेकते आणि एक पेला वाइन घेते. बारा पानांत तिचं पान नव्हतंच.

1988 साली याला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, डेन्मार्कला पहिल्यांदाच. आक्सेल तेव्हा सत्तरीला टेकला होता. पाहायचा असेल तर आधी चित्रपट पाहा आणि मग कथा वाचा. उलट केलंत तर कबुलीजबाबाची उणीव सारखी टोचत राहील. संवाद डॅनिश, स्वीडिश आणि फ्रेंच आहेत, तेव्हा उपशीर्षकं लागतीलच, पण जेवण सुरू झालं की त्यांच्याकडे फार बघू नका.