हरवलेल्या तबकड्यांचे दप्तर

१९६९ साली अदिस अबाबा येथील अम्हा एशेते नावाच्या एका तरुण दुकानदाराने, रेकॉर्डी काढण्याचा मक्ता बादशाही हुकुमाने एकाच सरकारमान्य संस्थेकडे आहे हे पक्के ठाऊक असूनही, अलेमायेहू एशेते या पोलीस वाद्यवृंदातील गायकाचे ‘तिमार्कियालेश’ हे गाणे ध्वनिमुद्रित करवले, आणि तबकड्या छापून घेण्यासाठी ती फीत भारतात धाडली. (दोघांच्या नावातील साम्य हा केवळ योगायोग, तिकडे आडनाव नसते, स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतात.) छापलेल्या रेकॉर्डी परत आल्या तेव्हा दुकानाबाहेर कर्णा लावण्यात आला, भर रस्त्यात माणसे नाचू लागली आणि वाहतूक खोळंबली, अशी हकीकत अलेमायेहू पुढे कितीतरी वर्षे मुलाखतींतून सांगत असे.

मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी, सात इंची, मध्यभागी मोठे भोक असलेली ती लहानशी वस्तू ज्या कारखान्यातून बाहेर पडली, तेथील कामगारांना अम्हारी भाषेचे एक अक्षरही कळत नसावे. परंतु आफ्रिकेच्या आधुनिक संगीताच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या घटनेला आपल्या देशातील हात लागले होते, ही गोष्ट आपल्या संगीतलेखनात कोठे नमूद झालेली माझ्या वाचनात नाही. आफ्रिकेतील आणि हिंदी महासागराच्या व अटलांटिकच्या बेटांवरील १९६०-७०च्या दशकांतील विस्मृत तबकड्यांचे पुनःप्रकाशन ही आज स्वतंत्र कला होऊन बसली आहे. तिचा विचार करताना मला गाण्यांच्या गोडीइतकीच त्यांच्या दप्तराची, म्हणजे कोणी गायिले, कोणी वाजवले, कोणी पैसा घातला आणि हक्क कोणाचा, या नोंदीची काळजी वाटते, ती अशा विस्मृत धाग्यांमुळेच.

इथिओपियाचे उदाहरण प्रथम घेतो, कारण ते सर्वांत संपन्न आहे. १९२४ साली जेरुसलेमहून आणलेल्या चाळीस आर्मेनियन अनाथ मुलांचा बँड राजदरबारात स्थापन झाला. त्यातून पुढे शाही अंगरक्षकांचे, पोलिसांचे आणि सैन्याचे वाद्यवृंद उभे राहिले, आणि पितळी वाद्ये फुंकणाऱ्या दोन पिढ्या सरकारी पगारावर तयार झाल्या. अस्मारा येथील अमेरिकी तळाच्या रेडिओवरून सोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज त्यांच्या कानी पडले. परंतु त्यांनी घेतली ती अमेरिकी मांडणी, स्वर मात्र आपलेच ठेवले. आणि हे स्वर मराठी कानाला परके नाहीत. ‘तिझिता’ या नावाची जी स्वरपंक्ती तेथे स्मृती आणि हुरहूर यांची मानली जाते, तिच्या एका रूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असून उरलेले पाच स्वर शुद्ध आहेत. म्हणजे तो आपल्या भूपाचाच सांगाडा. महमूद अहमदची तिझिता ऐकताना आपण भूपाच्या अंगणात उभे आहोत असे क्षणभर वाटते, आणि दुसऱ्याच क्षणी त्याचा आवाज स्वरावरून असा थरथरत खाली उतरतो, की हे अंगण दुसऱ्याच घराचे आहे हे उमगते. गेताचेव मेकुर्या या वादकाने तर युद्धापूर्वी वीरांनी द्यावयाच्या ललकाऱ्यांची ‘शेलेला’ ही परंपरा थेट सॅक्सोफोनवर उतरवली. अनुकरणाचा आरोप ज्यांना या संगीतावर करावयाचा असेल त्यांनी ते वादन एकदा लक्षपूर्वक ऐकावे.

१९७४ साली बादशाही कोसळली, लष्करी राजवट आली, रात्रीची संचारबंदी लागू झाली. ज्या संगीताचा संसार रात्रीच्या क्लबांवर चालला होता, त्याची मुळेच त्यामुळे तुटली. अम्हाने सहा वर्षांत शंभराहून अधिक लहान तबकड्या आणि बारा मोठ्या तबकड्या काढल्या होत्या. १९७५ साली तो अमेरिकेत निघून गेला. तबकडीची जागा कॅसेटने घेतली आणि जुना माल घराघरांत, दुकानांच्या माळ्यांवर, धुळीखाली पडून राहिला.

फ्रान्समधील फ्रांसिस फाल्सेतो या गृहस्थाच्या कानी महमूद अहमदची एक तबकडी १९८४च्या सुमारास पडली नसती, तर ती धूळ आणखी किती काळ साचत राहिली असती, कोण जाणे. १९८६ साली ब्रुसेल्सहून ‘एरे मेला मेला’ पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि १९९७ पासून पॅरिसच्या ब्यूडा म्युझिक या संस्थेने ‘इथिओपिक्स’ ही माला सुरू केली, जिचे तीसच्या आसपास खंड आज उपलब्ध आहेत. चौथ्या खंडात मुलातू अस्तात्के याचे वाद्यसंगीत आहे. २००५ सालच्या ‘ब्रोकन फ्लॉवर्स’ या अमेरिकी चित्रपटात ते वाजले आणि जगभर पोहोचले. या मालेचा मोठेपणा असा, की फाल्सेतोने मूळ निर्मात्यांना शोधून काढले, त्यांच्याशी रीतसर करारनामे केले, आणि वादकांची नावे, साल, ठिकाण यांचा तपशील पुस्तिकेत छापला. तिच्यातील उणीवही सांगितली पाहिजे. १९६९ ते १९७५ एवढ्याच काळाला सुवर्णयुग ठरवून टाकल्यामुळे त्यानंतरच्या कॅसेटयुगातील गाणे, जे संचारबंदीतही घराघरांत वाजत होते, उपेक्षित राहिले. परदेशी श्रोत्याला इथिओपिया म्हणजे ती सहाच वर्षे वाटू लागली. एका रसिकाच्या आवडीने एका राष्ट्राच्या संगीताची कालमर्यादा ठरावी, हे मला योग्य वाटत नाही.

‘दुर्मिळ’ या शब्दाचीही थोडी चौकशी करावीशी वाटते. तबकडी दुर्मिळ होते ती दोन कारणांनी. एक तर ती मुळात थोडी छापली जाते, कारण गायकाच्या गाठीला पैसा नसतो. किंवा ती इतकी वाजवली जाते, की तिच्या रेषा झिजून जातात, लग्नकार्यांत ती हातोहाती फिरते, उन्हात वाकते, आणि शेवटी फेकली जाते. संग्राहक मोठी किंमत मोजतो ती ओरखडा नसलेल्या प्रतीला, म्हणजे पुष्कळदा अशा प्रतीला, की जी कोणी विकत घेतलीच नव्हती आणि जी गोदामात न फोडता राहिली. ज्या प्रतीवर चार घरांनी प्रेम केले, सुई बदलायला पैसे नसल्यामुळे बोथट सुईनेच जी शंभरदा वाजली, ती बाजारात निरुपयोगी ठरते. दुर्मिळता हा बाजाराचा गुण आहे, गाण्याचा नव्हे. आणि केवळ दुर्मिळतेच्या बळावर काढलेले कितीतरी संग्रह मी ऐकले आहेत, ज्यांतील निम्मी गाणी त्या त्या शहरातील सामान्य बँडने एका दुपारी उरकलेली आहेत. समीक्षकाने हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

बेनिन देशातील कोतोनू शहराच्या ‘पॉली-रिदमो’ या वाद्यवृंदाची गोष्ट मात्र निराळी. मेलोमे क्लेमाँ याने १९६८ साली स्थापन केलेल्या या संचाने शेकडो गाणी ध्वनिमुद्रित केली. लहान कंपन्यांसाठी केलेली त्यांतील पुष्कळशी एखाद्या घरातच, ‘नाग्रा’ या स्विस बनावटीच्या फीतयंत्रावर, एक-दोन मायक्रोफोनभोवती सगळा संच उभा करून मुद्रित झाली. अशा मुद्रणात चूक दुरुस्त करता येत नाही. तुतारीवाल्याने मागे सरायचे, गायकाने पुढे यायचे, ढोलाने भिंतीजवळ बसायचे, एवढीच ध्वनियोजना. आणि तरीही त्या गाण्यांत जी तालाची वीण आहे ती आजच्या सुसज्ज स्टुडिओंत क्वचित सापडते. ‘साकपाता’ हे तेथे भूमीचे आणि देवीच्या रोगाचे दैवत; त्याच्या उपासनेतील ताल, आणि मृतांच्या वार्षिक विधीत वाजणाऱ्या ‘सातो’ या प्रचंड उभ्या ढोलाचा ताल, या लोकांनी अमेरिकी फंकमध्ये असे मिसळले, की सांधा कोठे आहे हे दाखवता येत नाही.

फ्रँकफर्टच्या ‘अ‍ॅनालॉग आफ्रिका’ या संस्थेच्या सामी बेन रेजेब याने २००८ साली ही गाणी पुन्हा काढली. तो स्वतः शहरोशहरी जातो, वादकांच्या घरी बसतो, त्यांच्या मुलाखती आणि जुनी छायाचित्रे पुस्तिकेत देतो. पुढल्याच वर्षी, स्थापनेनंतर चार दशकांनी, पॉली-रिदमो प्रथमच युरोपच्या दौऱ्यावर गेला. क्लेमाँ २०१२ साली वारला. कलावंत हयात असताना, त्याच्या हातून वाद्य सुटण्यापूर्वी, हे घडले, हेच या पुनःप्रकाशनाचे सर्वांत मोठे यश मी मानतो.

त्याच संस्थेने २०१६ साली केप व्हर्दे बेटांवरील विद्युत्-वाद्यांच्या संगीताचा संग्रह काढला, तेव्हा सोबत एक कथा दिली: १९६८ साली वाद्यांनी भरलेले एक जहाज समुद्रात नाहीसे झाले आणि एका बेटावरच्या शेतात सापडले. ही आख्यायिका पुष्कळांनी इतिहास समजून पुढे छापली. मला तिचा खेद वाटतो. खरी हकीकत तिच्याहून कितीतरी सरस आहे. गोव्याप्रमाणेच ही बेटेही लिस्बनच्या अमलाखाली होती. ‘फुनाना’ हे अ‍ॅकॉर्डियन आणि लोखंडी पट्टी यांवरचे शेतकऱ्यांचे नृत्यगीत त्या राजवटीने हलके ठरवून दडपले. आणि १९७५च्या स्वातंत्र्यानंतर तेथील वादकांनी सिंथेसायझरमधून त्याच अ‍ॅकॉर्डियनचा स्वर उभा केला. परदेशी कष्ट करणाऱ्या पावलिनो व्हियेइरासारख्या संगीतकाराच्या बुद्धीचे श्रेय एका भरकटलेल्या जहाजाला का द्यावे?

धन्याची इच्छा हाही दप्तराचाच भाग होय. नायजेरियातील एनुगूचा विल्यम ओनयेबोर याने १९७७ ते १९८५ या काळात एकट्याने आठ तबकड्या काढल्या आणि नंतर धर्ममार्गाला लागून तो विषय कायमचा बंद केला. २०१३ साली न्यूयॉर्कच्या लुआका बॉप संस्थेने त्याची गाणी काढली. जग त्याला प्रश्न विचारू लागले. तो २०१७ साली मृत्यू येईपर्यंत त्या संगीताविषयी जवळजवळ काही बोलला नाही. त्याच्या मौनाभोवती गूढतेचे वलय उभारून माल खपवण्यात आला, हे मला रुचलेले नाही.

बेटांकडे येतो. मॉरिशसचा सेगा हा गुलामांच्या वस्तीत जन्मलेला. त्याचे ‘रवान’ हे कातड्याचे वाद्य, आपला डफ तापवावा तसेच, वाजवण्यापूर्वी विस्तवाच्या उबेला धरतात. १९७०च्या दशकात त्यात विद्युत्-गिटार आणि ऑर्गन शिरले, आणि त्या काळच्या तबकड्यांचे ‘सोल सेगा सा’ हे संकलन २०१६ साली जिनिव्हाहून निघाले. ज्या बेटावर कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांनी जाखडी ‘झाकरी’ या नावाने आजवर जपली, त्या बेटाचे हे दुसरे गाणेही आपल्या ओळखीचे असायला हवे. शेजारच्या रीयुनियनने आणखी शहाणपणाचे काम केले. तेथील प्रादेशिक संगीत संस्थेने ‘ताकाम्बा’ हे स्वतःचे प्रकाशन उभे करून, १९९५ साली अकाली वारलेल्या आलँ पीटर्स या कवी-गायकाची विखुरलेली मुद्रणे १९९८ साली एकत्र केली. परदेशी रसिकाची वाट न पाहता बेटाने आपले गाणे आपण सांभाळले.

गिनीचे उदाहरण याहून मोठे. कोनाक्री येथील सरकारी नभोवाणीच्या फितींचे भांडार १९८५च्या बंडात तोफांच्या माऱ्यात सापडले. जे उरले ते कपाटांत कुजत होते. ग्रेम काऊन्सेल या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने २००८ ते २०१३ या काळात तेथेच बसून ९,४१० गाण्यांच्या प्रती केल्या. मूळ फिती देशाबाहेर गेल्या नाहीत. त्या प्रती कोणीही विनामूल्य ऐकाव्यात अशी व्यवस्था झाली. पुनःप्रकाशनाचा आदर्श मला विचाराल तर तो हाच.

आता घरचा हिशेब. झांझिबारची सिती बिंती साद ही गुलामांच्या कुळात जन्मलेली, मडकी घडवून विकणारी बाई. अरबीची मिरास असलेले ताराब गायन तिने स्वाहिलीत आणले, आणि १९२८ साली ग्रामोफोन कंपनीने तिला व तिच्या साथीदारांना जहाजाने आणून तिचे गाणे ध्वनिमुद्रित केले ते मुंबईत. पूर्व आफ्रिकेच्या त्या पहिल्या मोठ्या गायिकेचा आवाज आपल्या शहरात, आपल्याच देशातील लाखेच्या तबकडीवर उमटला. त्या तबकड्या आज जगभर शोधल्या जातात. मुंबईत त्यांचा शोध घेणारी एकही संस्था मला ठाऊक नाही.

नैरोबी, मोम्बासा, झांझिबार येथून परतलेल्या गोमंतकीय आणि मराठी कुटुंबांच्या पेट्यांत अशा तबकड्या अजून असतील. ज्यांच्या घरी त्या असतील त्यांना माझी विनंती आहे: भंगारवाल्याला देण्यापूर्वी लेबलावरील प्रत्येक अक्षर, भाषा कळत नसली तरी, जसेच्या तसे उतरवून घ्या, शेवटच्या रेषेनंतर काळ्या भागावर कोरलेला अंक भिंगातून वाचून टिपा, आणि ती कोणी, कोणत्या साली, कोठून आणली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवा.