वरचा एक तृतीयांश

रियाधचं किंग्डम सेंटर पाहताना नजर सर्वांत आधी जिथे ठरते, तिथे काहीच बांधलेलं नाही. 302 मीटर उंचीचा हा मनोरा निम्म्याहून बराच वर गेल्यावर दुभंगतो. दोन निमुळते बाहू आकाशात चढत जातात आणि अगदी टोकाशी एक पूल त्यांना जोडतो. मधल्या पोकळीचा तळ गोलाईदार आहे. दोन टोकांना धरलेल्या साखळीला पडतो तसा झोळ.

या झोळाचा उगम एका रुक्ष नियमात आहे. इमारत उभी राहत होती तेव्हा रियाधमध्ये वापरातल्या मजल्यांना तिसाची मर्यादा होती. ती बांधवून घेणारे राजपुत्र अल-वलीद बिन तलाल यांना मात्र शहराची ओळख ठरेल अशी उंची हवी होती. तीस मजले संपल्यावर उरलेल्या उंचीचं करायचं काय?

किंग्डम सेंटर ज्या ओलाया भागात आहे तिथेच, दोनच वर्षं आधी, वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने अल-फैसलिया मनोऱ्यात आपलं उत्तर दिलं होतं. तिथे चार कोपऱ्यांच्या तुळया आत झुकत 267 मीटरवर एका बिंदूत मिळतात आणि वाटेत सोनेरी काचेचा गोल पेलतात. सुंदरच आहे ते, पण उंच इमारतीने टोकदार व्हावं ही अपेक्षा ते पुरी करतं. एलर्बे बेकेट आणि ओम्रानिया या वास्तुरचना संस्थांनी 2002 साली पूर्ण केलेलं किंग्डम सेंटर वर जाता जाता उघडतं. मला हे धाडस अधिक मोठं वाटतं. खालचे सुमारे 180 मीटर काँक्रीटचे, वरचे पोलादाचे. तरी चंदेरी काचेचं एकच आवरण दोन्हींवरून अखंड चढत जातं. वापरातला भाग कुठे संपला हे बाहेरून शोधूनही सापडत नाही. जिथे मजले भरता येत नव्हते, तिथे आकाशालाच इमारतीत घेतलं आहे. पोकळी सुरू होते त्याच उंचीच्या आसपास, 183 मीटरवर, एक मशीदही आहे. त्या जागी दुकान किंवा उपाहारगृह असतं, तर वरच्या मोकळेपणाचा अर्थच बदलला असता.

मनोऱ्यात कार्यालयं आणि हॉटेल, पायथ्याच्या एका बाजूला लग्नसमारंभाचं दालन, दुसऱ्या बाजूला तीन मजली मॉल. उंची ब्रँडची दुकानं, चकचकीत फरशी: हे सगळं नीटनेटकं आहे, पण जगात इतरत्रही दिसतं. वेगळा होता तो मॉलचा वरचा मजला. तो फक्त स्त्रियांसाठी राखला होता. प्रवेश स्वतंत्र, आत पुरुषांना मज्जाव, त्यामुळे तिथे चेहरा उघडा ठेवून वावरता येई. इथेही बंधनातूनच जागा घडली आहे. पण या दोन बंधनांना मी एका मापाने मोजणार नाही. मजल्यांच्या मर्यादेने शहराला एक आकार दिला आणि तो रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा झाला. स्त्रियांच्या मजल्याने मोकळा श्वास दिला खरा, पण तो दाराच्या आतच. ज्या बाईला तिथे निवांत बसता आलं, तिच्या दृष्टीने त्याचं मोल कमी नव्हतं. दाराबाहेरच्या शहरावर मात्र त्याने काहीच मागणी केली नाही.

आता रियाधच्याच किंग अब्दुल्ला आर्थिक केंद्रात 385 मीटरचा मनोरा उभा आहे, आणि त्याचे मजले तिसाच्या कितीतरी पुढे जातात. उंचीत किंग्डम सेंटर मागे पडलं. तरी रात्री रंग बदलत उजळणारी त्याची पोकळी शहराच्या सपाटीवर दुरूनही ओळखू येते.